बागेतील पीक कोणाचे?

रुग्णाच्या हाती खुरपे, झारी किंवा कुदळ देऊन त्याच्या मनाला व शरीराला उभारी आणण्याच्या पद्धतीला आज उद्यानोपचार म्हणतात. रुग्णालयाच्या आवारात फुलझाडे लावून ठेवणे एवढ्याने उद्यानोपचार होत नाही. रुग्णाने स्वतः माती उकरावी, बी पेरावे, पाणी घालावे, रोपाची निगा राखावी, आणि हे सर्व प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली, उद्दिष्ट ठरवून व प्रगतीची नोंद ठेवून व्हावे, असा त्याचा पारिभाषिक अर्थ आहे. या पद्धतीची वंशावळ सांगणारे बहुतेक लेखन फिलाडेल्फियाचे वैद्य बेंजामिन रश यांच्यापासून सुरू होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक असलेल्या रश यांनी १८१२ साली मनोविकारांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बागेत खणणारे रुग्ण पुष्कळदा बरे होतात असे निरीक्षण त्यात नोंदवले, एवढे सांगून हे लेखन पुढे सरकते.

रश यांचे मूळ विधान मात्र याहून लांब आहे, आणि गाळलेला भागच अधिक बोलका आहे. लाकडे फोडणे, विस्तव पेटवणे व बागेत खणणे ही कामे करणारे पुरुष आणि कपडे धुणे, इस्त्री करणे व फरशा घासणे ही कामे करणाऱ्या स्त्रिया बऱ्या होतात, उलट ज्यांच्या सामाजिक दर्जामुळे त्यांना अशा कामांतून सूट मिळते ते रुग्णालयाच्या भिंतींआड खितपत पडतात, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे त्यांच्या यादीत बागकाम हे अनेक घरगुती व अंगमेहनतीच्या कामांपैकी एक होते, आणि मातीचा किंवा हिरवाईचा काही खास गुण त्यांनी सांगितला नव्हता. पुढील दोनशे वर्षांत खणण्याला उपचाराचे शास्त्र लाभले. फरशी घासण्याला ते लाभले नाही, याचे कारण वैद्यकशास्त्रात शोधण्यापेक्षा सुखवस्तू वर्गाला कोणते काम शोभिवंत वाटते यात शोधणे अधिक योग्य ठरेल.

असेच निरीक्षण रश यांच्याआधी फ्रान्समध्ये फिलिप पिनेल यांनी केले होते. १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी स्पेनमधील सारागोसा येथील इस्पितळाचा गौरवाने उल्लेख केला. १४२५ साली स्थापन झालेल्या या इस्पितळातील मनोरुग्ण शेतीची कामे करीत व त्यांतील अनेक जण शुद्धीवर येत, मात्र हाताने काम करणे कमीपणाचे मानणारे सरदार घराण्यांतील रुग्ण क्वचितच बरे होत, असे पिनेल सांगतात. दोन देशांतील दोन वैद्यांनी एकच गोष्ट पाहिली, म्हणून ती खरी असे मानण्याची घाई करू नये. ज्याला काम झेपते तो मुळातच कमी आजारी असण्याचा संभव असतो. शिवाय फुकट राहणाऱ्या गरीब रुग्णाला काम नाकारण्याची मोकळीक नसते, आणि नियमाने काम करणारा रुग्ण बरा झाला असे अधिकाऱ्यांना लवकर वाटते. तरीही या निरीक्षणांनी एक प्रश्न इतिहासाच्या पटावर मांडून ठेवला, आणि रुग्णालयीन बागकामाचा पुढचा सारा प्रवास त्याच्याभोवती फिरतो: रुग्णाने पिकवले ते पीक कोणाचे?

या प्रश्नाचे तुलनेने निर्मळ उत्तर इंग्लंडमधील यॉर्क शहरात मिळते. तेथील जुन्या वेड्यांच्या इस्पितळात १७९० साली हॅना मिल्स ही क्वेकर पंथाची विधवा स्त्री मरण पावली. तिच्या पंथबांधवांना तिला भेटूही दिले गेले नव्हते. क्वेकर हा कर्मकांड व पुरोहितशाही नाकारणारा, प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाश असतो असे मानणारा ख्रिस्ती पंथ. त्याच पंथाचे चहाचे व्यापारी विल्यम ट्यूक यांनी पुढाकार घेऊन १७९६ साली ‘द रिट्रीट’ ही संस्था सुरू केली. सुमारे तीस रुग्णांसाठी बांधलेल्या या घराभोवती सुमारे ११ एकर जमीन होती; गजांचा भास होऊ नये म्हणून खिडक्यांच्या लोखंडी चौकटी लाकडी दिसतील अशा केल्या होत्या. रुग्णांच्या चौकांत ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी असे जीव सोडलेले असत, जेणेकरून ज्याला माणसांशी बोलणे जमत नाही त्याने निदान त्यांच्याशी नाते जोडावे. विल्यम यांचे नातू सॅम्युएल ट्यूक यांनी १८१३ साली या संस्थेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यातून साखळदंडांऐवजी ममता, शिस्त व नियमित काम यांवर भर देणारी ‘नैतिक उपचार’ नावाची विचारसरणी युरोप-अमेरिकेत पसरली. येथे ‘नैतिक’ याचा अर्थ नीतिपाठ देणारा असा नसून रुग्णाच्या मनाला व स्वाभिमानाला आवाहन करणारा असा आहे. रिट्रीटमधील रुग्ण संख्येने थोडे होते, त्यांतील बरेचसे पंथबांधव होते, आणि तेथील बाग व शेती यांमागे संस्थेचा खर्च भागवणे हा मुख्य हेतू नव्हता.

थोड्या रुग्णांना लागू पडलेली रीत हजारोंना लावली की तिचा स्वभाव बदलतो. इंग्लंडमध्ये १८०८ च्या कायद्याने परगण्यांना मनोरुग्णालये बांधण्याची मुभा मिळाली आणि १८४५ च्या कायद्याने ते बंधनकारक झाले. १८१८ साली उघडलेल्या वेकफिल्डच्या व १८३१ साली उघडलेल्या लंडनजवळच्या हॅनवेलच्या रुग्णालयांत विल्यम एलिस यांनी रुग्णांना पद्धतशीरपणे कामाला लावले. हॅनवेलमध्ये पुढे जॉन कॉनली यांनी १८३९ पासून साखळ्या व पट्टे बाजूला केले, तेव्हा बांधून न ठेवलेल्या माणसांच्या दिवसाला आकार देण्यासाठी शेत, बाग व कारखाना यांची गरज अधिकच वाढली. अमेरिकेतील मनोरुग्णालयांच्या अधीक्षकांनी १८५१ साली बांधकामाचे नियम ठरवले, त्यांत कितीही लहान रुग्णालय असले तरी बागा व विहारभूमी यांसाठी किमान ५० एकर आणि दोनशे रुग्णांच्या सरकारी रुग्णालयाला किमान १०० एकर जमीन असावी, अशी अट होती. अशा जमिनींवर बटाटे, कोबी, दूध व डुकराचे मांस निघू लागले, ते रुग्णालयाच्याच मुदपाकखान्यात गेले आणि करदात्यांचा भार हलका झाला. पुरुष शेतात व स्त्रिया धुलाईघरात ही रश यांनी लिहिलेली विभागणी जशीच्या तशी राहिली. अधीक्षक या कामाला उपचार म्हणत आणि त्याच अहवालात त्याची किंमतही मांडत. दोन्ही गोष्टी ते प्रामाणिकपणे मानत असावेत, पण रुग्णसंख्या वाढत गेली आणि बरे होणाऱ्यांचे प्रमाण घटत गेले, तरी शेत चालूच राहिले, यावरून कोणता हेतू अधिक टिकाऊ होता ते कळते. या पार्श्वभूमीवर फिलाडेल्फियाच्या क्वेकर रुग्णालयाने १८७९ साली रुग्णांसाठी काचेचे हरितगृह उभारले, ही घटना लहान वाटली तरी महत्त्वाची आहे, कारण हरितगृहातील फुलझाडांवर कोणाचे पोट भरत नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानात हीच व्यवस्था आली, पण तिच्यात वंश व जात यांचे दोन थर मिसळले. मुंबईत कुलाब्याला १८२६ साली, रत्नागिरीत १८८६ साली आणि नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ठाण्याच्या नौपाडा भागात १९०१ साली वेड्यांची इस्पितळे उभी राहिली. कंपनीच्या काळात युरोपीय रुग्णांनी उन्हात अंगमेहनत करणे त्यांच्या प्रकृतीला व राज्यकर्त्या वर्गाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे मानले जाई. हिंदी रुग्णांना मात्र बाग, शेत, विणकाम, दळण या कामांना लावणे हाच उपचाराचा गाभा समजला जाई, आणि त्यांच्या श्रमाची किंमत रुपये-आण्यांत वार्षिक अहवालांत दाखल होई. प्रतिष्ठित घराण्यांतील व वरच्या जातींतील रुग्ण कुदळ हाती धरत नाहीत, ही अधिकाऱ्यांची तक्रार वाचताना सारागोसाच्या सरदारांची आठवण होते. युरोपीयांविषयीचा हा संकोच राँची येथे मोडला गेला. तेथे १९१८ साली उघडलेल्या युरोपीय मनोरुग्णालयात अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी १९२० च्या दशकात व्यवसायोपचार, म्हणजे कामाच्या निवडीतून व सरावातून रुग्णाची गमावलेली क्षमता परत आणण्याची पद्धत, सुरू केली. शेजारीच १९२५ साली उघडलेल्या हिंदी रुग्णांच्या इस्पितळाची धुरा जाल धनजीभाई या पारशी डॉक्टरांकडे होती व तेथेही या पद्धतीला मोठे स्थान मिळाले. एकाच गावात, हाकेच्या अंतरावर, गोऱ्यांसाठी व काळ्यांसाठी काम हा उपचार ठरला. काय पिकवायचे आणि कोणासाठी, यातील फरक मात्र लगेच पुसला गेला असे मानता येत नाही.

मनोरुग्णालयांच्या बाहेर, क्षयरोगाच्या उपचारात बागकामाला काही काळ औषधाइतकी काटेकोर मात्रा लाभली होती. इंग्लंडमधील फ्रिमली येथे विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या आरोग्यधामात डॉ. मार्कस पॅटरसन यांनी ‘श्रेणीबद्ध श्रम’ ही पद्धत आणली. रुग्णाने प्रथम फक्त चालावे, अंतर वाढवत न्यावे, मग मातीच्या टोपल्या वाहाव्यात, पुढे लहान फावड्याने व नंतर मोठ्या फावड्याने माती ओढावी, आणि शेवटी कुदळीने खणावे, अशा पायऱ्या त्यांनी आखल्या. रोज तापमान घेतले जाई व ताप चढला की काम थांबवून रुग्णाला अंथरुणावर ठेवले जाई. श्रमामुळे फुप्फुसातील जंतूंचे विष थोडे थोडे रक्तात उतरते आणि शरीर लसीप्रमाणे स्वतःच प्रतिकार तयार करते, असा त्यामागचा सिद्धान्त होता. हा सिद्धान्त पुढे टिकला नाही. तरी पॅटरसन यांचा दुसरा उद्देश लक्षात घेण्याजोगा आहे: आरोग्यधामात महिनोन्महिने पडून राहिलेला मजूर आळशी होऊन परततो, या टीकेला त्यांना उत्तर द्यायचे होते. म्हणजे येथेही खणणारा कष्टकरी वर्गातलाच होता. आल्प्स पर्वतातील महागड्या आरोग्यधामांत श्रीमंत क्षयरोगी त्याच काळात सज्जांवर कांबळी पांघरून आडवे पडत होते, आणि आजार दोघांचा एकच होता. स्ट्रेप्टोमायसिन व आयसोनायझिड ही औषधे आल्यावर, १९५० च्या दशकात, दोन्ही पद्धती मागे पडल्या.

महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत तीव्र रूप कुष्ठरोगाच्या संदर्भात आले. मुंबईत माटुंग्याला १८९० साली निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारणारे महापालिका आयुक्त एच. ए. ॲक्वर्थ म्हणजे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे संकलित करणारे तेच ॲक्वर्थ. या संस्थेच्या सांडपाण्यावर शेती करण्याचे प्रयोग झाले, आणि ते नगर-अभियांत्रिकीच्या इतिहासात नोंदले गेले. परंतु १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्याने भीक मागणाऱ्या रुग्णांना पकडून आश्रमात डांबण्याची सोय केली, आणि त्याच कायद्यानुसार सरकार आदेश काढील त्या क्षेत्रात कुष्ठरोग्याला खाण्यापिण्याचे पदार्थ विकण्यास किंवा सार्वजनिक विहिरीचे पाणी भरण्यास बंदी घालता येत होती. रुग्णाला भाजी पिकवता आली तरी ती विकता येणार नाही, अशी ही कायदेशीर स्थिती होती. जंतू अन्नातून पसरतो असा पुरावा नसतानाही समाजाची भीती या कलमात लिहिली गेली होती.

ही भीती ओलांडण्याचे काम विदर्भात झाले. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी महारोगी सेवा मंडळाचे कुष्ठधाम सुरू केले, आणि शेती व सूतकताई ही तेथील दिनक्रमाची अंगे झाली. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि सरकारने दिलेल्या सुमारे ५० एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन वसवले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर ही वसाहत उभी राहिल्याचे सांगितले जाते. पहिले काम विहिरीचे होते, कारण पाण्याशिवाय त्या मुरमाड जमिनीत काहीच उगवणार नव्हते. पुढे भाजीपाला व धान्य निघू लागले, तेव्हा जुनी अडचण नव्या रूपात समोर आली: वरोऱ्याच्या बाजारात आनंदवनाची भाजी घ्यायला गिऱ्हाईक पुढे येईना. १९५० च्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संघटनेचे परदेशी तरुण येथे बांधकामासाठी राहिले, रुग्णांच्या बरोबर जेवले आणि धडधाकट परतले, तेव्हा गावकऱ्यांचा संकोच ढिला पडला आणि त्यानंतर आनंदवनाचा माल बाजारात खपू लागला.

आनंदवनाचे वेगळेपण येथे आहे की तेथे शेतीला कोणी उपचार म्हटले नाही. उपचार म्हणून रुग्णांना डॅप्सोन हे औषध मिळत होते, आणि बाबांनी त्यासाठी कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत शिक्षण घेतले होते. शेती ही उपजीविका होती, आणि पिकाचा हक्क, विक्रीचा हिशोब व पुढच्या हंगामाची आखणी हे रुग्णांच्या वसाहतीकडे होते. १९६७ पासून मूल तालुक्यातील सोमनाथ येथे हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर शेती करून पुढे नेण्यात आला. रिट्रीटपासून हॅनवेलपर्यंतच्या संस्थांनी कामाचे नाव उपचार ठेवले आणि पीक स्वतःकडे ठेवले. वरोऱ्यात नेमके उलटे झाले, आणि दया म्हणून दिलेल्या भाकरीने जे साधले नसते ते विकल्या गेलेल्या वांग्यांनी साधले, असे म्हणण्यास जागा आहे.

मात्र कुष्ठरोगात कुदळ ही निरुपद्रवी वस्तू नाही. या रोगात मज्जातंतू बाधित होऊन हातापायांची संवेदना जाते, त्यामुळे दांड्याच्या घर्षणाने आलेला फोड किंवा पायात घुसलेला काटा दुखत नाही, काम चालू राहते, जखम चिघळते आणि बोटे झिजत जातात. बोटे रोगाने ‘गळून पडतात’ हा जुना समज चुकीचा असून बहुतांश विकृती न जाणवलेल्या जखमांतून येते, हे १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांच्या अभ्यासाने ठळक झाले. त्यानंतर अवजारांच्या दांड्यांना जाड वेष्टण घालणे, काम संपल्यावर हातपाय पाण्यात भिजवून न्याहाळणे आणि पायांत जाड तळाची पादत्राणे घालणे, या साध्या सवयी कुष्ठरुग्णांच्या श्रमाची आवश्यक अंगे बनल्या. निसर्गात रमणे सर्वांनाच हितकारक असते, असे सरसकट सांगणाऱ्या आजच्या लेखनात हा अनुभव क्वचितच डोकावतो.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत बागप्रेमी महिला मंडळांच्या स्वयंसेविका कुंड्या व रोपे घेऊन जाऊ लागल्या आणि त्यातून बागकामाचे व्यावसायिक शास्त्र आकारास आले. न्यूयॉर्कमध्ये पुनर्वसन-वैद्यकाचे प्रवर्तक हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत १९५९ साली चाकाच्या खुर्चीवरील रुग्णांना पोहोचता येईल असे काचेचे उद्यान उघडले, जे २०१२ च्या सँडी वादळात उद्ध्वस्त झाले. १९६० साली ॲलिस बर्लिंगेम व डोनाल्ड वॉटसन यांचे या विषयावरील पुस्तक आले, आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी कॅन्सस राज्य विद्यापीठाने मेनिंजर प्रतिष्ठानच्या सहकार्याने पदवी अभ्यासक्रम सुरू केला. याच सुमारास सरकारी रुग्णालयांची जुनी शेते न्यायालयात पोहोचली होती. मनोरुग्णांकडून विनामूल्य काम करून घेण्याच्या प्रथेला १९६४ साली एका लेखात ‘संस्थात्मक वेठबिगार’ म्हटले गेले होते. १९७३ साली ‘सौडर विरुद्ध ब्रेनन’ या खटल्यात वॉशिंग्टनच्या संघीय जिल्हा न्यायालयाने निर्णय दिला की, ज्या कामातून संस्थेला भरीव आर्थिक लाभ होतो ते काम रुग्णाला उपचारासारखे उपयोगी पडत असले तरी मजुरीचेच काम आहे आणि त्याला किमान वेतन लागू होते. राज्य सरकारांच्या संदर्भात हा निर्णय १९७६ च्या सर्वोच्च न्यायालयीन निकालाने पुष्कळसा निष्प्रभ झाला, पण वेतन देण्यापेक्षा शेते बंद करणे रुग्णालयांना सोयीचे वाटू लागले होते. उद्यानोपचारकांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली तीही १९७३ सालीच. उपचार म्हणून बागकामाला प्रतिष्ठा मिळाली त्याच वर्षी पोट भरणारे बागकाम रुग्णालयातून बाहेर पडू लागले, हा योगायोग निव्वळ तारखेचा नाही: कुंडीतील जिरेनियम संस्थेचा खर्च वाचवत नाही, म्हणून ते वादात सापडत नाही.

यानंतर पुराव्याची भाषा बदलली. १९८४ साली रॉजर उल्रिच यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातील पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. खिडकीतून झाडे दिसणाऱ्या २३ जणांचा मुक्काम सरासरी ७.९६ दिवसांचा होता, तर विटांची भिंत दिसणाऱ्यांचा ८.७० दिवसांचा. हा शोधनिबंध उद्यानोपचाराच्या समर्थनार्थ सर्रास उद्धृत केला जातो, परंतु त्या रुग्णांनी एकही रोप लावले नव्हते. पाहण्याचा लाभ आणि करण्याचा लाभ या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्याच्या पुराव्यावर दुसऱ्याची इमारत उभी करणे शास्त्राला धरून नाही.

भारतात जुन्या मनोरुग्णालयांची विस्तीर्ण आवारे शहरांच्या मध्यभागी आली आहेत, आणि त्यांच्यावर रोपांपेक्षा रस्त्यांचा व इमारतींचा हक्क अधिक वेळा सांगितला जातो. ठाणे व मुलुंड यांदरम्यानच्या नियोजित रेल्वे स्थानकासाठीही ठाणे मनोरुग्णालयाच्याच जमिनीचा भाग मुक्रर झाला. उरलेल्या जमिनीवरील कामाचे नियम मात्र आता लेखी आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे विसावे कलम क्रूर व अमानवी वागणुकीपासून संरक्षण देते, आणि त्यातच रुग्णाला आस्थापनेत काम करण्याची सक्ती करता येणार नाही व त्याने काम केल्यास त्याला योग्य मोबदला मिळेल, असा हक्क नोंदवला आहे. उपचार म्हणून केलेले काम आणि संस्थेच्या फायद्याचे काम यांत हे कलम भेद करीत नाही. त्यामुळे रुग्णांनी वाढवलेली रोपे वा भाजी विकणाऱ्या रुग्णालयाला रुग्णाची संमती आणि त्याचा मोबदला, या दोन्हींचा हिशोब ठेवावा लागतो. मोबदला ‘योग्य’ असावा एवढेच कलम म्हणते, रक्कम ठरवून देत नाही.